उकल झाल्यानंतर : खुनाची रहस्यकादंबरी आणि तिचा मराठी वाचक

खुनाची रहस्यकादंबरी वाचताना वाचकाला जे वाटते आणि ती वाचून संपल्यावर जे वाटते, त्यांत सहसा मेळ नसतो. शेवटच्या प्रकरणापर्यंत हातातून न सुटलेले पुस्तक खुन्याचे नाव कळताच अनेकदा एकदम हलके पडते. उकल बिनचूक असते, एकही धागा सुटलेला नसतो, लेखकाने फसवले असेही म्हणता येत नाही, आणि तरीही एवढ्यासाठीच का हा सारा खटाटोप, हा प्रश्न मागे उरतो. ही संमिश्र भावना म्हणजे वाचकाच्या अभिरुचीतील खोट, असे मानून ती सोडून देण्याची रीत मराठीत जुनी आहे. प्रस्तुत विवेचनाची भूमिका याहून वेगळी आहे. ही द्विधा त्या साहित्यप्रकाराच्या घडणीतूनच निर्माण होते, ती प्रामाणिक असते, आणि एखादी रहस्यकादंबरी खरोखर किती कसदार आहे हे पारखण्याचे तिच्याइतके भरवशाचे दुसरे साधन नाही, असे येथे मांडायचे आहे. त्यासाठी मराठी रहस्यकथेच्या परंपरेबरोबरच पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या मारुंजी या गावाचा आधार घेतला आहे; कारण खुनाच्या रहस्यकादंबरीला जे जे लागते ते सारे अशा गावात जमून आलेले असूनही मराठी रहस्यकथेची नजर तिकडे फारशी वळलेली नाही.

प्रथम संज्ञांची सीमा आखून घेणे आवश्यक आहे. मराठीत ‘रहस्यकथा’ या एका नावाखाली हेरकथा, सूडकथा, साहसकथा आणि दरोडेखोरांच्या पाठलागाच्या कथा अशा अनेक गोष्टी नांदत आल्या आहेत. येथे विचार आहे तो त्यांपैकी एका उपप्रकाराचा, ज्यात एक मृत्यू झालेला असतो, तो घडवणारी व्यक्ती अज्ञात असते, तिच्यापर्यंत नेणाऱ्या खुणा वाचकाच्या डोळ्यांसमोर मांडलेल्या असतात आणि अखेरीस एका निश्चित उत्तराने कथा मिटते. गूढकथा याहून निराळी. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी जी भय-गूढकथा मराठीत रुजवली तिच्यात उत्तर अर्धवट राहणे, किंवा उत्तर मिळूनही भीती न मिटणे, हे सामर्थ्य मानले जाते. रहस्यकादंबरीला ती मुभा नाही. तिने उत्तर द्यायचेच, आणि ते तर्काला पटेल असेच द्यायचे, हा वाचकाशी झालेला करार असतो, आणि पुढील सगळ्या अडचणी या करारातूनच उद्भवतात.

या प्रकाराच्या रचनेवर सर्वांत नेमके बोट ठेवले ते बल्गेरियात जन्मलेले फ्रेंच समीक्षक त्झ्वेतान तोदोरोव यांनी. १९६६ साली लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी दाखवले की अशा कादंबरीत दोन कथा असतात: एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. गुन्ह्याची कथा पुस्तक सुरू होण्यापूर्वीच संपलेली असते, आणि जी कथा आपण पानोपानी वाचतो ती तपासाची, म्हणजे पहिली कथा शोधून काढण्याची, असते. या विभागणीचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. जिचा जीव गेला ती व्यक्ती पहिल्या कथेत जगलेली असते आणि दुसऱ्या कथेत तिला प्रवेशच नसतो. तिचे राग-लोभ, तिची देणी-घेणी, तिने कोणाशी काय बोलणे केले, हे सारे इतरांच्या जबान्यांतून कळते आणि तेही खुन्यापर्यंत पोचण्यास उपयोगी असेल तेवढेच. ज्या माणसाच्या मरणावर पुस्तक उभे राहिले, त्या माणसाची ओळख वाचकाला पुस्तक मिटेपर्यंत होत नाही. उकल झाल्यावर जाणवणाऱ्या रितेपणाचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे: खुनी सापडला, पण गेला तो कोण होता, हे कळलेच नाही.

दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडमध्ये या प्रकाराला जे सुवर्णयुग लाभले त्यात ही उणीव जणू नियमानेच पक्की झाली. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. वाचकाला दाखवलेली नाही अशी कोणतीही खूण गुप्तहेराने वापरू नये, दैवी शक्तीने उकल करू नये, योगायोगाने तपासनिसाला मदत करू नये, असा त्यांचा रोख होता. या नियमांमुळे लेखक आणि वाचक यांच्यातील सामना न्याय्य झाला हे खरे, पण मृत्यू हा त्या सामन्याचा पट झाला. ॲगाथा ख्रिस्ती यांच्या १९२६ सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ या कादंबरीने या न्याय्य खेळाच्या सीमा इतक्या ताणल्या की वाचकांत सरळ दोन तट पडले; काहींना ती अपूर्व वाटली आणि काहींना फसवणूक वाटली. तिची उकल येथे सांगण्याचे कारण नाही. पुढे १९४५ साली अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी याच कादंबरीचे नाव घेऊन, ॲक्रॉइडला कोणी का मारेना, त्याची पर्वा कोणाला, अशा आशयाचा जळजळीत लेख लिहिला. विल्सन यांचा राग अर्धाच रास्त आहे. ज्या मृताविषयी काहीच वाटत नाही त्याच्या खुन्याविषयी कुतूहल कसे वाटावे, हा त्यांचा प्रश्न खरा. पण ते कुतूहल लाखो वाचकांना वाटते ही वस्तुस्थिती त्यांनी तुच्छतेने झटकून टाकली.

त्या मानाने डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीचा १९४८ सालचा निबंध अधिक मोकळा आहे. ऑडेन यांनी रहस्यकथेचे आपल्याला व्यसन असल्याचे मान्य केले आणि त्या व्यसनाची लक्षणेही सांगितली. त्यांतील एक लक्षण मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे. कथा इंग्लंडच्या ग्रामीण भागात घडणारी नसेल तर ती आपल्याला वाचवत नाही, असे ते म्हणतात. याचा अर्थ या प्रकाराच्या कट्टर वाचकालाही नुसते कोडे पुरत नाही. त्याला ठिकाण लागते, आणि तेही असे की जेथे खून होणे विसंगत वाटावे आणि जेथील प्रत्येक माणसाला दुसऱ्याची माहिती असावी. गाव हे रहस्यकादंबरीचे मूळ घर आहे ते याच कारणाने. मराठीत मात्र ते घर फार काळ कुलूपबंदच राहिले.

मराठी रहस्यकथेचा विचार बाबुराव अर्नाळकरांना वगळून होऊ शकत नाही. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. गिरगावात चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या या गृहस्थाने हजाराहून अधिक रहस्यकादंबऱ्या लिहिल्या, आणि झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांच्या नायकांची नावे कित्येक पिढ्यांच्या तोंडी राहिली. वाचनाची गोडी लावण्याचे जे काम शाळांना आणि सभा-संमेलनांना साधले नाही ते या छोट्या, स्वस्त पुस्तकांनी केले, हे आज कोणी नाकारत नाही. परंतु त्यांच्या बहुतेक कथांतील खरी गंमत खुनी कोण या प्रश्नात नसून नायक या पेचातून सुटणार कसा, यात आहे. काळापहाड कायद्याच्या अलीकडचा की पलीकडचा याची वाचकाला चिंता नसते. तो न्यायाच्या बाजूचा आहे एवढे पुरते. अशा कथेत मुंबई असते, तिचे रस्ते, बंगले, बंदर आणि मोटारी असतात, पण त्या शहरात कोण कसे जगते याचा खुनाशी सांधा क्वचितच जुळतो. गोव्याचे गुरुनाथ नाईक यांनीही हजाराच्या पुढे जाणारे विपुल लेखन केले. त्यांच्या नायकांची फौज मोठी, पण तेथेही वेग हाच प्राण राहिला.

पुण्याच्या सुहास शिरवळकरांपाशी (१९४८-२००३) येताना चित्र काहीसे बदलते. मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास यांच्या कथांत संवाद आधुनिक झाले, माणसे कॉलेजातली आणि हॉटेलातली झाली, आणि वकील नायक असल्यामुळे न्यायालयाचे दालनही कथेत आले. तरीही त्यांचे नाव आज प्रामुख्याने घेतले जाते ते १९८२ सालच्या ‘दुनियादारी’साठी, ज्या कादंबरीत शोधण्यासारखा खुनी नाही. रहस्यकथेत तयार झालेल्या लेखकाने आपल्या शहराविषयी आणि आपल्या पिढीविषयी मनापासून सांगायचे झाले तेव्हा रहस्यकथा बाजूला ठेवावी, ही घटना विचार करायला लावणारी आहे. कथेला ठिकाण नसण्याच्या या रीतीला मुलांसाठी लिहिणारे भा. रा. भागवत सुखद अपवाद आहेत. त्यांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा. त्याच्या सायकलीला, बोलीला आणि चौकसपणाला पत्ता आहे. प्रौढांच्या मराठी गुप्तहेरांना असा पत्ता क्वचितच मिळाला.

या संदर्भात पुण्याच्याच एका रहिवाशाची आठवण ठेवणे योग्य ठरेल. ब्योमकेश बक्षी या बंगाली सत्यान्वेषीचे, म्हणजे सत्याचा शोध घेणाऱ्याचे, जनक शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ साली चित्रपटांच्या कामासाठी मुंबईत आले आणि १९५२ पासून १९७० साली झालेल्या निधनापर्यंत पुण्यात राहिले. बराच काळ थांबवलेले ब्योमकेशचे लेखन त्यांनी १९५१ साली पुन्हा हाती घेतले, म्हणजे त्या मालिकेचा मोठा उत्तरार्ध पुण्यात बसून लिहिला गेला. ‘शैलरहस्य’ या कथेत तर महाबळेश्वरच आहे. ब्योमकेशच्या कथांत फाळणीनंतरचे कलकत्ता, भाड्याच्या खोल्या, उतरती कळा लागलेली जमीनदार घराणी, काळा बाजार हे सारे खुनाच्या कारणांत मुरलेले असते. त्यामुळे खुनी कळल्यावरही वाचकाच्या हाती काही उरते. मराठी रहस्यकथेला हा वस्तुपाठ इतका जवळ उपलब्ध असताना तिने तो घेतला नाही, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

मराठी वाचकाच्या द्विधेला आणखी एक पदर आहे, तो खऱ्या खुनांचा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा जणांचे खून झाले. त्यांत बळी पडलेल्या दोन कुटुंबांच्या आडनावांवरून ते प्रकरण जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून ओळखले जाते. खून करणारे तरुण कलाशिक्षण घेणारे विद्यार्थी होते. त्यांच्यापैकी एकजण माफीचा साक्षीदार झाला, म्हणजे संपूर्ण सत्य सांगण्याच्या अटीवर त्याला शिक्षेतून सूट मिळाली, आणि उरलेल्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. त्या काळी ज्यांनी पुण्यात दिवस काढले त्यांच्या बोलण्यात दिवेलागणीनंतर ओस पडणारे रस्ते आणि ओळख पटल्याशिवाय न उघडणारी दारे आजही येतात. या प्रकरणात रहस्यकादंबरीला लागणारे कोडे अल्पजीवी ठरले. नावे कळली, पुरावे मिळाले, शिक्षा झाल्या. न सुटलेला प्रश्न होता तो का, हाच. लुटीतून मिळालेला ऐवज आणि केलेले क्रौर्य यांचे प्रमाणच जुळत नव्हते. अशा शहरातल्या वाचकाने खुनाची कादंबरी करमणूक म्हणून हाती घेताना मनाचा एक कोपरा जड व्हावा, हे स्वाभाविकच आहे.

परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात झालेल्या स्त्रिया आणि मुलींच्या खुनांनी दुसरी बाजू दाखवली. तेथील तपासात गुप्तधनाच्या, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनासाठी बळी देण्याच्या, अंधश्रद्धेचा धागा पुढे आला. त्या घटनांवर आधारित ‘आक्रीत’ हा अमोल पालेकर यांचा चित्रपट १९८१ साली आला आणि २०२४ साली त्याच प्रकरणावर मराठी वेबमालिकाही झाली. पाच दशकांनंतरही या प्रकरणाकडे पुन्हा वळावेसे वाटते याचे कारण खुनी कोण हे नाही. ते गाव, त्यातील पैसा, जात, वांझपणाची भीती आणि धनाची हाव यांचा जो पीळ बसला होता तो समजून घ्यावासा वाटतो, हे आहे. ठिकाण आणि कारण एकमेकांत मिसळले की खुनाची कथा उत्तर मिळाल्यावरही संपत नाही.

मारुंजीचा विचार येथे सुरू होतो. पुढे जे लिहिले आहे त्यात गावातील कोणत्याही प्रत्यक्ष घटनेकडे किंवा व्यक्तीकडे निर्देश नाही. गावाची जी रचना झाली आहे तिचा रहस्यकादंबरीच्या दृष्टीने विचार आहे, इतकेच. हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्कला लागून असलेले हे गाव दोन-अडीच दशकांत पार बदलले. एकीकडे जुने गावठाण, भावकी, म्हणजे एका मूळ पुरुषापासून वाढलेल्या घरांचा गोतावळा, भाताची खाचरे आणि देवळापुढचा पार. दुसरीकडे टेकडीच्या अंगाला उभे राहिलेले उंच मनोरे, फाटकावरची नोंदवही, कॅमेरे, पाण्याचे टँकर आणि देशाच्या सर्व भागांतून नोकरीसाठी आलेली कुटुंबे. ऑडेनना हवे असलेले बंदिस्त जग येथे एक नसून दोन आहेत. गावठाणात प्रत्येकाला प्रत्येकाचे आजोबा ठाऊक असतात आणि मनोऱ्यात समोरच्या दाराआड कोण राहते हेही अनेकदा ठाऊक नसते. या दोन जगांमध्ये रोज ये-जा करणारी माणसे मोजकी: घरकामाला जाणाऱ्या बायका, वॉचमन, दूधवाला, टँकरचा चालक आणि जमिनीचा एजंट. गुप्तहेराने नेमके कोणाला काय विचारावे, हे अशा गावात जितके अवघड आहे तितके इंग्लंडच्या कुठल्याही खेड्यात नव्हते. कारण येथे ज्याला सगळे ठाऊक आहे त्याला कोणी विचारत नाही.

खुनाच्या कादंबरीला हेतू लागतो, आणि मुळशीत हेतू शोधायला लांब जावे लागत नाही; तो सातबाऱ्यावर असतो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे आणि तिच्यावर इतर कोणाचे हक्क किंवा बोजे आहेत हे असते, तर बारामध्ये त्या जमिनीत कोणते पीक घेतले याची नोंद असते. नाव का आणि कसे बदलले याची हकिकत गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, सापडते. चांगल्या नजरेच्या माणसाने असा एक उतारा आणि त्यावरील फेरफार क्रमाने लावले तर घराण्याची अर्धी कथा त्याच्या हाती येते: आजोबा वारले, चार मुलांची नावे लागली, एका भावाने आपला हिस्सा विकला, बहिणींनी हक्कसोडपत्र दिले, म्हणजे आपला हक्क भावांच्या नावे सोडला, आणि मग एका फेरफारात भावकीबाहेरचे नाव आले. हे हक्कसोडपत्र कोणत्या साली झाले ही साधी गोष्टही खूण ठरू शकते. हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. जमीन एकराने मोजली जात होती तोवर बहिणीची सही ही राखीपौर्णिमेच्या मायेची बाब समजली जाई. ती गुंठ्याने, म्हणजे एकराच्या चाळिसाव्या भागाने, विकली जाऊ लागली तेव्हा त्याच सहीला किंमत आली.

हिंदू वारसा कायद्याच्याच कलम २५ मध्ये रहस्यकादंबरीकाराने मनात कोरून ठेवावी अशी एक तरतूद आहे. जो खून करतो, किंवा खुनाला साहाय्य करतो, त्याला मृताच्या मिळकतीत वारसा मिळत नाही. कलम २७ प्रमाणे तो मृताच्या आधीच मरण पावला असे समजून वाटणी होते. या एका तरतुदीने खुनाचे सारे गणित फिरते. जमिनीसाठी खून करणाऱ्याला केवळ शिक्षा चुकवण्यासाठी नव्हे, तर जमीन टिकवण्यासाठीही अज्ञात राहावे लागते. त्याहून भयंकर बाब अशी की ज्याने खून केलेला नाही अशा वारसालाही दुसरा वारस खुनी ठरण्यात लाभ असतो, कारण एक नाव गळले की हिस्से वाढतात. म्हणजे पोलिसांना खबर देणारा, साक्ष देणारा, भाऊ गेल्याच्या दुःखात न्यायासाठी पायऱ्या झिजवणारा, हाही संशयाच्या कक्षेत येतो. इंग्रजी कादंबरीतील मृत्युपत्राची सनसनाटी वाचने यापुढे फिकी पडतात. ही सामग्री मराठी लेखकाच्या घरची आहे आणि ती वापरायला कोणाचीही उसनवार करावी लागत नाही.

मुळशीच्या जमिनीला लागलेल्या या कळेची दखल मराठी चित्रपटाने घेतली. प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) जमीन विकून बसलेल्या शेतकऱ्याच्या मुलाची गुन्हेगारीकडे झालेली वाटचाल दाखवतो. त्याआधी सुमारे शंभर वर्षे याच तालुक्यात टाटांच्या धरणासाठी जाणाऱ्या जमिनींविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता, ही स्मृतीही त्या चित्रपटाच्या पाठीमागे उभी आहे. ‘मुळशी पॅटर्न’मध्ये खून आहेत पण रहस्य नाही, कोणी कोणाला मारले हे प्रेक्षकासमोरच घडते. त्याची ताकद कारण दाखवण्यात आहे. रहस्यकादंबरीने हेच कारण घेऊन ते झाकून ठेवायचे आणि वाचकाला शोधायला लावायचे, असा प्रयोग झाला तर ‘कोण’ आणि ‘का’ यांतील दरी बुजू शकते. गुंठामंत्री म्हणून ज्याची टिंगल होते त्या अचानक श्रीमंत झालेल्या शेतकऱ्याकडेही मग केवळ सोन्याच्या साखळ्या घातलेले पात्र म्हणून पाहता येणार नाही. त्याच्या खात्यावर आलेल्या रकमेत कितीजणांचे हिस्से आहेत, हे वाचकाला मोजावे लागेल.

येथे तपासाच्या वास्तवाविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण मराठी वाचकाला खटकणाऱ्या अनेक गोष्टी त्याच्याशी निगडित आहेत. विलायती कादंबरीचा ठरलेला शेवट असा, की गुप्तहेर सर्व संशयितांना दिवाणखान्यात जमवतो, तर्काची साखळी उलगडतो आणि खुनी कोसळून कबुली देतो. भारतीय कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. चालतो तो आरोपीने दिलेल्या माहितीवरून प्रत्यक्ष सापडलेल्या वस्तूशी संबंधित भाग. म्हणून आपल्याकडच्या तपासात निवेदन पंचनाम्याला फार महत्त्व असते: आरोपी पंचांसमक्ष जागा दाखवण्याची तयारी दर्शवतो, सर्वजण तेथे जातात, कोयता किंवा रक्ताचे कपडे निघतात, आणि ते सारे पंचांच्या सह्यांनिशी लिहिले जाते. पुढे खटला उभा राहीपर्यंत वर्षे लोटतात, पंच फितूर होतात, म्हणजे आपल्याच सहीच्या मजकुराला न्यायालयात नकार देतात, आणि भावकीत अशा फितुरीची बोलणी कोणाच्या ओसरीवर झाली हे गावाला ठाऊक असते. खाजगी गुप्तहेराला खुनाचा तपास करण्याचा कोणताही अधिकार आपल्याकडे नाही. मराठी रहस्यकथेने ही वस्तुस्थिती टाळली आणि परदेशी साच्यातील गुप्तहेर आपल्या फौजदारांच्या शेजारी बसवला. वाचकाने तो मजेने स्वीकारला, पण त्याच्यावर विश्वास कधीच ठेवला नाही.

मारुंजीत तर तपास कोणाचा, हाच पहिला प्रश्न व्हावा. महसुलाच्या दृष्टीने गाव मुळशी तालुक्यात, ज्याची कचेरी पौडला. पोलिसांच्या दृष्टीने ते २०१८ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या हद्दीत. बांधकाम परवानगीच्या दृष्टीने २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीत. आणि रोजच्या कारभारासाठी ग्रामपंचायत. एका मृत्यूची कागदपत्रे चार ठिकाणी विखुरलेली असतात, आणि प्रत्येक कचेरीला आपल्यापुरतेच दिसते. सातबारा पाहणाऱ्याला रक्त दिसत नाही आणि पंचनामा करणाऱ्याला फेरफार दिसत नाही. हे तुकडे जोडणारी व्यक्ती कोण असू शकेल? निवृत्त तलाठी, वाटपाच्या दाव्यांत केस पिकलेला वकील, सुनेच्या नात्याने गावात आलेली आणि मनोऱ्यात हिशेब लिहिणारी एखादी बाई, असे कितीतरी सत्यान्वेषी या जमिनीतून उगवू शकतात. त्यांना पाईपची किंवा भिंगाची गरज पडणार नाही.

असे असूनही या प्रकाराविषयीचा संकोच पूर्णपणे फिटणार नाही, आणि तो फिटू नये असेच या विवेचनाचे मत आहे. कितीही सामाजिक आशय भरला तरी रहस्यकादंबरी मृत्यूचे कोडे करतेच, आणि ते सोडवताना वाचकाला आनंद होतोच. हा आनंद नाकारणारा समीक्षक खोटे बोलतो, आणि त्या आनंदात जराही अवघडून न जाणारा वाचक मृताला विसरलेला असतो. अर्नाळकरांच्या वाचकाने पहाटेपर्यंत जागून वाचलेल्या पानांचा अपमान येथे अभिप्रेत नाही. उलट त्या जागरणाकडे मराठी समीक्षेने गांभीर्याने पाहिले असते, वाचनालयांत सर्वाधिक फिरणाऱ्या पुस्तकांना नावे ठेवण्यापेक्षा त्यांच्यात काय कमी पडते ते नीट सांगितले असते, तर लेखकांनाही काही मागणे पोचले असते. मागणी फार मोठी नाही. मृत व्यक्तीला कथेत जगण्यासाठी काही पाने मिळावीत, खून जेथे झाला ते ठिकाण बदलले तर कथाच उभी राहू नये, आणि उत्तर कळल्यावर वाचकाने मागे जाऊन पाहिले तर खुणांबरोबर माणसेही तेथे असावीत.

पुढील प्रकरणांत निवडक मराठी आणि भारतीय रहस्यकादंबऱ्यांचे याच कसोट्यांवर वाचन केले आहे. उकल सांगितल्याशिवाय अशा कादंबरीच्या गुणदोषांची चर्चा करता येत नाही, ही या विषयातील जुनी अडचण आहे. म्हणून ज्या कादंबरीची उकल उघड करणे भाग पडले आहे तेथे प्रकरणाच्या आरंभीच तिचे नाव दिले आहे, आणि ज्यांनी ती अद्याप वाचलेली नाही त्यांनी आधी कादंबरी वाचावी आणि मग त्या प्रकरणाकडे वळावे. कायद्यातील कलमांचे उल्लेख कथेच्या समजुतीपुरते आहेत. सातबारा, फेरफार आणि पंचनामा यांच्या नमुन्यांचे विवरण मात्र सविस्तर केले आहे, कारण ज्या वाचकांनी हे कागद घरच्या वाटपात हाताळले आहेत त्यांना ते ओळखीचे वाटेल, आणि ज्यांनी कधीच पाहिलेले नाहीत त्यांना मारुंजीसारख्या गावात घडणारी कादंबरी त्यांच्यावाचून वाचता येणार नाही.